रॅम वाढवली, तरी पावसात लॅपटॉप परत परत काळा : 'काढून घातली की चालतो' या तक्रारीचा माग

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की म्हापशातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच दुखण्याचे लॅपटॉप येऊ लागतात. माणसं वेगळी, कंपन्या वेगळ्या, बोलणं मात्र शब्दाला शब्द तेच. "दोन-तीन महिन्यांपूर्वी रॅम वाढवून घेतली. छान पळत होता. आता सकाळी बटण दाबलं की लाईट लागते, पंखा फिरतो, पण डिस्प्लेच येत नाही. दुकानात नेला, त्यांनी रॅम काढून परत घातली, चालू झाला. पंधरा दिवस झाले, परत तेच."

या सगळ्यात 'परत तेच' हे शब्द सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेच कुणी ऐकून घेत नाही. यंत्र सुरू झालं की गिऱ्हाईक खूश, दुरुस्तीवालाही खूश. पण त्या काढघालीत घडलेलं असतं ते इतकंच : स्टिकच्या (म्हणजे रॅमच्या सुट्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्या आणि स्लॉटमधल्या (ती बसते त्या खोबणीतल्या) पिना एकमेकांवर घासल्या आणि मधला मळ जरा बाजूला सरला. मळ येण्याचं कारण जागच्या जागी राहिलं, म्हणून तो पुन्हा जमतो. त्यात लॅपटॉपच्या रॅमचे स्लॉट वारंवार काढघाल करायला बनवलेलेच नसतात. साधारण २५ वेळा स्टिक घालावी-काढावी, एवढंच त्यांचं आयुष्य धरलेलं असतं. दर पंधरवड्याला दुकानात न्या, प्रत्येक वेळी दोन-तीनदा काढघाल होऊ द्या, आणि एका पावसाळ्यात ते आयुष्य संपतं. मग खरोखरच स्लॉट ढिला होतो आणि सुरुवातीला नसलेला बिघाड आपल्या हाताने तयार होतो.

बाईंचा लॅपटॉप

मांद्र्याच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, त्यामुळे माझ्यासाठी त्या आजही बाईच. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या हस्तलिखित संहिता टंकून ठेवायचं काम त्या करतात. कागद वाळवीने खाल्लेले, शाई उडालेली, आणि एका वेळी पंधरा-वीस फोटो उघडून अक्षर लावत बसायचं. त्यांच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डागून पक्की केलेली होती आणि एक स्लॉट रिकामा होता. मार्चमध्ये मी त्यात ८ जीबीची डीडीआर४ (रॅमची एक पिढी) स्टिक बसवून दिली. १२ जीबी झाली. एप्रिल आणि मे दोन्ही महिने एकही तक्रार नाही.

जूनच्या मध्याला फोन आला. "अरे, काल रात्री बारापर्यंत चालत होता, आज सकाळी काळाच. तू घातलेलं ते काढून टाक बघू." मी गेलो, स्टिक काढली, परत बसवली, सुरू झाला. तीन आठवड्यांनी परत. या वेळी मी पट्ट्या पुसल्या. परत सुरू. जुलैच्या अखेरीस तिसरा फोन आला तेव्हा मला माझ्याच कामाची लाज वाटली. दोन वेळा मी यंत्र सुरू करून आलो होतो, आजार शोधला नव्हता.

तिसऱ्या खेपेला मी पेचकस बाजूला ठेवला आणि बाईंना म्हटलं, पंधरा दिवस वहीत टिपा. रोज किती वाजता बटण दाबलं, सुरू झाला का, पाऊस होता का, रात्री लॅपटॉप कुठे ठेवला होता. शिक्षिकेच्या हातची वही, त्यामुळे रकाने आखून चोख नोंदी. वरून एक रकाना मी सांगितला : सुरू झाल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून 'मेमरी'समोर किती जीबी दिसतात तो आकडा.

वही पाहिली आणि सगळं समोर आलं. अडलेल्या सगळ्या सकाळी सहा ते आठच्या दरम्यानच्या. दुपारनंतर एकदाही अडला नव्हता. अडला त्या प्रत्येक दिवशी तो रात्रभर पश्चिमेच्या खिडकीखालच्या टेबलावर होता. आणि तिसरी गोष्ट, जी बाईंच्याही लक्षात आली नव्हती : चार दिवस तो सुरू झाला होता खरा, पण १२ऐवजी ४ जीबीच दाखवत होता. "आज रेंगाळतोय" एवढंच त्यांना जाणवलेलं. काळा पडदा आणि रेंगाळणं या दोन तक्रारी आम्ही वेगळ्या समजत होतो, मूळ एकच निघालं. स्लॉटमधला संपर्क कधी इतका खराब की यंत्र उठतच नाही, कधी एवढाच की यंत्र त्या स्टिककडे दुर्लक्ष करून बोर्डावरच्या ४ जीबीवर उठतं.

तुमचा लॅपटॉप असाच छळत असेल तर पहिलं काम हेच करा. दुकान गाठायच्या आधी आठ-दहा दिवसांची वही. सकाळी अडतो आणि तापल्यावर चालतो असं दिसलं, तर नवीन रॅम विकत घेऊ नका. शंभरातली बहुतेक अशी प्रकरणं संपर्काची निघतात, स्टिक चांगली असते.

मिठाच्या बरणीला जे होतं तेच

पावसाळ्यात आपल्या घरात मिठाची बरणी पाझरते, म्हणून आपण त्यात चार तांदळाचे दाणे टाकतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागतं. गोव्याच्या पावसाळ्यात सकाळची आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. आता मांद्रे, मोरजी, हरमल, केरी या पट्ट्यात काय होतं पाहा. लाटा फुटतात, बारीक तुषार वाऱ्यावर चढतात, त्यातलं पाणी उडून मिठाचे कण हवेत राहतात, आणि नैर्ऋत्येचा वारा ते थेट घरात आणतो. आगरवाड्याच्या मिठागरांत उन्हाखाली वाफा वाळतो तेच, फक्त इथे डोळ्यांना दिसत नाही. लॅपटॉपचा पंखा ती हवा दिवसभर आत ओढतो. कण बोर्डावर बसतात, रॅमच्या पट्ट्यांवरही बसतात. उन्हाळ्यात ते कोरडे असतात, काही करत नाहीत. रात्री यंत्र गार पडलं, आर्द्रता चढली, की तेच कण ओले होतात.

पट्ट्या सोनेरी दिसतात, कारण वर खरंच सोनं असतं, आणि सोन्याला गंज चढत नाही. पण तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं. थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून खारट ओल खाली पोहोचली की तांबं खाल्लं जातं आणि त्याचा मळ वर येऊन बसतो. मग मिलिमीटरच्या अंशावर बसणाऱ्या त्या २६० संपर्कांपैकी महत्त्वाचा एखादा जरी चुकला तरी यंत्र अडू शकतं. दुपारी यंत्र तापतं, ओल उडते, संपर्क जेमतेम जुळतो.

बाईंची स्टिक मी भिंगाखाली धरली तेव्हा एका कोपऱ्यातल्या पाच-सहा पट्ट्यांवर हिरवट डाग होता. त्याची कड गोल होती, बोटाच्या पेरासारखी. मार्चमध्ये बसवताना मीच तिथे बोट लावलेलं असणार. घामातही मीठच असतं. त्या दिवसापासून मी स्टिक कडांनीच धरतो आणि शिकाऊ मुलालाही पहिला धडा तोच देतो.

आत वाळपई, साखळीकडच्या लॅपटॉपांत समुद्राचं मीठ कमी, तिथली दुखणी निराळी. डिचोलीच्या बाजूने खाणीची तांबडी धूळ येते, आणि पावसात मुंग्या कोरडी, ऊबदार जागा शोधत तळाच्या जाळीतून शिरतात. एका स्लॉटमध्ये मला मुंग्यांची अंडी सापडली होती. लक्षण तेच, सकाळी काळा पडदा.

आधी ही स्टिक तुमच्या यंत्राचीच आहे का, ते पाहा

रॅम बसवल्यापासून पहिल्याच आठवड्यात त्रास सुरू झाला असेल, ऋतू आणि वेळ न पाहता होत असेल, तर मीठ-ओलीच्या मागे लागू नका. तिथे निवड चुकलेली असते.

सगळ्यांत जास्त घोळ जुन्या डीडीआर३च्या यंत्रांत होतो. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच जागी, स्लॉटमध्ये दोन्ही सारख्याच बसतात. पण साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि एल अक्षराची १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना एल लागते. तिथे साधी घातली तर बहुधा पडदा येतच नाही, नाहीतर सुरू होऊन मध्येच गोठतो. स्टिकच्या लेबलवर 'पीसी३एल' लिहिलंय की नुसतं 'पीसी३', हे चष्मा लावून वाचा. डीडीआर४ला २६० पिना आणि १.२ व्होल्ट, डीडीआर५ला २६२ पिना आणि १.१ व्होल्ट, यांच्या खाचा वेगळ्या असल्याने चुकीची स्टिक बसतच नाही. बसत नसेल तर जोर करू नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण तुटलेली खाच घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

वेगाचा आकडा जुळला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. २६६६ची एक आणि ३२००ची एक अशा दोन स्टिका एकत्र घातल्या की दोन्ही २६६६ने चालतात. त्याने यंत्र काळं पडत नाही. कधीकधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिका एकमेकींबरोबर नीट नांदत नाहीत आणि ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा निळा पडदा) येत राहते. त्याचा निकाल सोपा आहे : एक काढा, दुसरीवर दोन दिवस चालवा, मग उलट करा. दोन्ही एकेकट्या निर्दोष चालल्या आणि जोडीने अडखळल्या, तर बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट करून पाहा, नाही जमलं तर एकसारखी जोडी घ्या.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे वापरलेल्या स्टिका विकत घेणारे वाढले आहेत. घ्यायला हरकत नाही, फक्त पट्ट्या उजेडात धरून पाहा. घासल्याच्या ओरखड्यांतून खाली तांबूस रंग दिसला तर ती स्टिक सोडून द्या. सोनं गेलेल्या पट्टीला किनाऱ्यावरच्या घरात एक पावसाळाही निघत नाही.

आणि एक विचारणा हल्ली फार येते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेचे अपडेट) संपला, म्हणून "रॅम वाढवून विंडोज ११ घालून द्या". विंडोज ११ला रॅम ४ जीबी पुरते. अडतं ते प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपवर. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर, एखाददुसरा अपवाद सोडता, रॅम कितीही वाढवा, विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं.

उघडताना आणि पुसताना

नुसतं 'शट डाउन' पुरत नाही. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, तीत यंत्र बंद दिसतं पण आधीची अवस्था डिस्कवर जपून ठेवलेली असते. रॅम बदलल्यावर ती जुनी अवस्था उठवायला गेलं की विचित्र चुका येऊ शकतात. म्हणून शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. चार्जर काढा. तळाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर कीबोर्डच्या बाजूला फोड येतो. कव्हर उचकटायला पेचकस नको, जुनं एटीएम कार्ड घ्या. आत पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तो सोडवून पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मग कुठल्यातरी उघड्या धातूला हात लावा आणि कामाला लागा.

दोन बाजूंच्या टिचक्या (स्टिक धरून ठेवणाऱ्या पकडी) बाहेर ओढल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते. त्याच तिरक्या रेषेत ओढायची. कडांनी धरायची.

पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात 'आयपीए' म्हणून मागितलं की देतात. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं त्यात पाणी असल्यामुळे चालत नाही. सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर पट्ट्यांवर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातो. गंज काढायचा फवारा, थिनर, खोबरेल तेल, हे सगळं मी पट्ट्यांवर लावून आणलेलं पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी काम दुप्पट झालं आहे. मायक्रोफायबरचा तुकडा किंचित ओला करून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, अशी एकेरी पुसण. मागेपुढे घासायचं नाही. दोन्ही बाजू, कापड काळं येणं थांबेपर्यंत.

खोडरबराबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. आपल्याकडे रॅम म्हटली की खोडरबर ठरलेलंच. पण शाईचं खडबडीत खोडरबर म्हणजे पॉलिशपेपरच, ते मळाबरोबर सोनंही नेतं. मऊ पांढरं खोडरबर, तेही अल्कोहोलने न निघालेल्या डागावर, एकदाच, हलक्या हाताने. मग भुगा झटकून पुन्हा अल्कोहोलची पुसण. दर महिन्याला खोडरबर मारणारा माणूस आपली स्टिक हळूहळू संपवतो आहे.

स्लॉट हा दोघांतला दुर्लक्षित भागीदार. स्टिक चकचकीत केली आणि स्लॉट तसाच ठेवला तर अर्धं काम राहिलं. आत टोचायला काही घालू नका, पिना केसासारख्या असतात, एक वाकली की संपलं. कॅमेऱ्याचा रबरी फुगा घेऊन हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. मग स्वच्छ स्टिकची कड अल्कोहोलने ओलसर करून स्लॉटमध्ये दोनदा घाला-काढा, कड पुसा, आणि सगळं पंख्याखाली अर्धा तास उघडं ठेवा. हेअर ड्रायर नको. बसवताना स्टिक तिरकी, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत, मग खाली दाब, दोन्ही टिचक्यांचा आवाज आलाच पाहिजे. एकच टिचकी वाजली तर स्टिक एका बाजूने अर्धवट बसलीय. 'परत तेच'चं हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण.

पहिल्यांदा सुरू करताना थांबा

रॅम बदलल्यावर यंत्र नव्या स्टिकशी माहिती देण्या-घेण्याच्या वेळा जुळवून घेतं. त्यात पडदा काळा राहतो, कधी अर्धा मिनिट, डीडीआर५च्या यंत्रात कधी कित्येक मिनिटं. मध्येच स्वतः बंद होऊन परत सुरूही होतं. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, मग ते जुळवणं पुन्हा पहिल्यापासून. चार्जर लावून दहा मिनिटं हात न लावता बसा. तरी काळाच असेल तर दिवा आणि बीप यांच्याकडे लक्ष द्या. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. डेलच्या बहुतेक अलीकडच्या लॅपटॉपांत पिवळा दिवा दोनदा आणि पांढरा तीनदा लुकलुकला तर यंत्राला रॅम सापडलेली नाही, पिवळा दोन आणि पांढरा चार असेल तर रॅम बिघडलेली आहे. इतर कंपन्यांत कॅप्स लॉकचा दिवा किंवा बीपची गणती असते. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, दुरुस्तीवाल्याचा अर्धा तास वाचतो.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमधले दोन आकडे पाहा. 'स्लॉट्स यूज्ड'समोर तुमच्या स्टिकांची संख्या दिसतेय का. आणि 'हार्डवेअर रिझर्व्ड' किती आहे. काहीशे एमबी असेल तर ठीक, ग्राफिक्सला तेवढं लागतं. एएमडीच्या काही यंत्रांत दोन जीबीपर्यंतही जातं. पण घातलेल्या स्टिकएवढाच आकडा तिथे दिसत असेल, तर स्टिक नीट बसलेली नाही, किंवा कुणीतरी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण लावून ठेवली आहे. ती काढून टाका. आणि विंडोज ३२ बिटांचं असेल तर ४ जीबीच्या वर काही दिसणारच नाही, तिथे रॅमचा दोष शोधू नका.

मग तपासणी. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक झटपट तपासणीला चालतं, पण माझा भरवसा मेमटेस्ट८६प्लसवर. मोफत आहे, पेनड्राइव्हवर घालून त्यावरून यंत्र सुरू करायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही तर स्टिक बहुधा निर्दोष. चुका आल्या तर त्यांचे पत्ते (मेमरीतल्या जागांचे आकडे) लिहून घ्या, स्टिक पुसून पुन्हा बसवा आणि परत चालवा. पुन्हा त्याच पत्त्यांवर चुका आल्या तर स्टिकमधली चिप गेली आहे, वॉरंटीत असेल तर बदलून घ्या, चांगल्या कंपन्या लांबची वॉरंटी देतात. चुका नाहीशा झाल्या किंवा भलत्याच जागी सरकल्या तर संशय संपर्कावर ठेवा. पावसाळ्यात मी ही तपासणी मुद्दाम पहाटे, यंत्र गार असताना सुरू करतो. दुपारच्या उष्ण टेबलावर केलेली तपासणी अशा लॅपटॉपाला नेहमी पास करते, आणि म्हणूनच दुकानातून तो 'ओके' होऊन परत येतो.

परत जमू नये म्हणून

समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवा. रोज तासभर चालवा, अगदी काम नसलं तरी, आतली ओल उडते. चवथीला आठ-दहा दिवस गावच्या घरी जाताना लॅपटॉप बंद खोलीत टेबलावर सोडू नका, झिपाच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. रंग बदलणाऱ्या पुड्या घेतल्या तर त्या ओल्या झाल्याचं कळतं. पुड्या पिशवीत ठेवायच्या, यंत्राच्या आत नाही. एसीच्या ऑफिसातून बाहेर पडलात तर घरी आल्या आल्या लॅपटॉप उघडू नका. गार यंत्रावर दमट हवेतलं पाणी दवासारखं बसतं, अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

स्लॉटचीच पिन खाल्ली गेली असेल, म्हणजे स्वच्छ, तपासलेली स्टिक घालूनही तोच स्लॉट सारखा अडत असेल, तर यापुढे काढघाल थांबवा. दोन स्लॉट असतील तर चांगल्या स्लॉटमध्ये एकच मोठी स्टिक घालून काम भागतं. यंत्र किती जीबीची एक स्टिक घेतं ते मात्र कंपनीच्या माहितीपत्रकात आधी पाहा. स्लॉट बदलता येतो, पण ते बोर्डावर गरम हवेने करायचं काम आहे, ज्याच्याकडे त्याचं यंत्र आणि सवय आहे त्याच्याकडेच द्या.

बाईंच्या स्लॉटचं तसं काही झालं नव्हतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्टिक आणि स्लॉट दोन्ही वर सांगितलं तसे स्वच्छ केले, रात्रभर तपासणी चालवली, आणि टेबल खिडकीखालून उचलून देवघराच्या भिंतीला लावलं. बाईंनी वही थांबवली नाही. यंदाच्या जुलैतली एक नोंद त्यांनी मला फोटो काढून पाठवली : "सकाळी ६.४०. रात्रभर पाऊस, वारा. पहिल्या बटणाला चालू. १२ जीबी."